शेळीच्या हृदयाभोवतीची काळी पट्टी

जालन्याला मी कशासाठी गेलो होतो हे सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो. मग त्याला वाटतं आपण नीट ऐकलं नाही. म्हणून इथे सरळच लिहितो: मी शेळ्यांचं टूडी इको करायला गेलो होतो.

पुण्यातल्या एका रुग्णालयात मी इको तंत्रज्ञ आहे. माणसांच्या छातीवर प्रोब ठेवून पडद्यावर त्यांचं हृदय बघायचं, मापं घ्यायची आणि कागद डॉक्टरांकडे पाठवायचे, हे माझं रोजचं काम. माझी मावसबहीण सुनंदा जनावरांची डॉक्टर. भोकरदन तालुक्यात दोन वर्षं नोकरी करून ती पुढच्या शिक्षणासाठी परत आली होती आणि प्रबंधाला विषय घेतला होता शेळीचं हृदय. "दादा, आजारी हृदय ओळखायचं तर आधी धडधाकट हृदय कसं दिसतं ते माहीत हवं ना? आपल्याकडच्या शेळ्यांची मापं मला कुठे मिळतच नाहीयेत," असं ती म्हणाली. आमच्याकडे अडगळीत गेलेलं एक जुनं, सुटकेसएवढं यंत्र होतं. वरिष्ठांनी ते न्यायची परवानगी दिली, मी पंधरा दिवसांची रजा टाकली, आणि जानेवारीच्या एका सकाळी आम्ही जालन्याच्या स्टँडवर उतरलो.

जालना

जालन्यात आमचा मुक्काम एकच दिवस होता, तोही यंत्राच्या बॅटरीसाठी. पुण्याहून आणलेली बॅटरी वाटेतच बसली होती. मस्तगडच्या बाजूला एका दुकानदारानं ती उघडून पाहिली, मान हलवली आणि विचारलं, "ह्याच्यावर काय चालवता?"

सुनंदानं सांगितलं. तो हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "किती वेळ चालायला पाहिजे?" मग स्वतःच्या स्कूटरवर मागे मला बसवून तो थेट एमआयडीसीत घेऊन गेला. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांचा धूर, बियाण्यांच्या पोत्यांनी भरलेले टेंपो, पाळी सुटलेल्या कामगारांच्या सायकली आणि मोटरसायकली, या सगळ्यांतून वाट काढत आम्ही त्याच्या ओळखीच्या एका माणसाकडे पोचलो. त्यानं जीपची बॅटरी आणि इन्व्हर्टर एका लाकडी खोक्यात बसवून दिला, वर धरायला दोरी लावली. "बराबर चालंल. फक्त आडवं ठेवू नका," तो म्हणाला. पुण्यात मला याच कामाला तीन दुकानं आणि आठवडा लागला असता, आणि प्रत्येक ठिकाणी शेळीवरचा विनोद ऐकावा लागला असता.

संध्याकाळी दुकानदाराच्या घरची मोसंबी खाल्ली. जालन्याची मोसंबी इतकी गोड असते हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही तिला आजाऱ्याचं फळ समजतो. इथे ती जेवण झाल्यावर पान खावं तशी खातात.

भोकरदन

भोकरदनला सुनंदाच्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं माडीवरची खोली दिली होती. खाली उतरलं की मिरच्यांचा ठसका आणि पलीकडे शेतमालाचा बाजार. सकाळी जीप ठरवून आम्ही आसपासच्या गावांना जायचो.

शेळीचं हृदय बघणं मला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. माणसाला डाव्या कुशीवर झोपवतात. शेळी उभीच राहते. तिचा उजवा पुढचा पाय जरा पुढे ओढून कोपराच्या मागे, पाय आणि छाती यांच्या बेचक्यात प्रोब लावायचा. केस काढले तर चित्र स्वच्छ दिसतं, पण पहिल्याच घरी मालकीण म्हणाली, "भादरू नका. उद्या लोकं म्हणतील, हिला काय झाल्तं म्हणून भादरली?" मग आम्ही केस नुसते स्पिरिटनं भिजवून बाजूला सारले आणि जेलचा थर जाड दिला. तो थर दुसऱ्या शेळीनं चाटून टाकला. छापलेला कागद मी खोक्यावर ठेवला होता, तो तिसरीनं खाल्ला. अशा रीतीनं पहिल्या दिवशीच्या सगळ्या नोंदींपैकी एक नोंद शेळीच्याच पोटात गेली. सुनंदा म्हणाली, "हरकत नाही, हिचं हृदय परत हिच्याकडेच गेलं," आणि पुन्हा पहिल्यापासून मापं घेतली.

पण एकदा चित्र लागलं की नजर हटत नसे. मुठीएवढं हृदय, आमच्या माणसांच्या मानानं किती चपळ. डावा कप्पा भरताना गोल होई आणि आवळताना जवळजवळ मिटून जाई. भरलेल्या कप्प्याचं माप आणि आवळलेल्याचं माप यांतल्या फरकावरून हृदयाची ताकद कळते. बिछान्यावर पडून राहणाऱ्या माणसांची थकलेली हृदयं वर्षानुवर्षं पाहिलेल्या मला, दिवसभर बांधावरून उड्या मारणाऱ्या या प्राण्याचं हृदय पाहताना खरंच हेवा वाटला.

गयाबाईचं अंगण

तिसऱ्या दिवशी आम्ही एका वाडीत गेलो. गयाबाई तिथली. पन्नाशीची, उंच, जरा वाकलेली. नवरा आणि मुलगा शेतात कापूस वेचायला गेले होते. शेळ्या हा सगळा तिचा कारभार. सुनंदाला ती आधीपासून ओळखत होती. "ताई आल्या," म्हणून तिनं आधी चहा टाकला, आणि चहा संपेपर्यंत कामाचं नाव काढू दिलं नाही. मग ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि कुटलेल्या शेंगदाण्यांची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, 'जेवणार का?' इथे ताट वाढून झाल्यावर सांगतात, 'बसा.'

तिच्या शेळ्या काळ्याभोर, तुकतुकीत होत्या. चार शेळ्यांत मोठी मोरी. बाकीच्या तिन्ही मोरीच्याच पोटच्या. मोरी अंगानं भरलेली होती आणि गाभण होती.

गयाबाईनं आम्हाला मदत केली ती मी विसरणार नाही. आतापर्यंत प्रत्येक घरी शेळी धरायला दोन माणसं लागायची आणि धरल्यावर तिचे ठोके असे धावायचे की मापं घेणं मुश्किल. गयाबाई एकटी शेळीच्या बाजूला उकिडवी बसली, एक तळवा शेळीच्या डोळ्यांवर ठेवला आणि दुसरा गळ्याखाली. काही बोलली नाही. पडद्यावरचे ठोके माझ्या डोळ्यांसमोर संथ होत गेले.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं, मावशी?" सुनंदानं विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? ती भिऊन राह्यली तर मी भ्याले न्हाई एवढं तिला कळाया पाहिजे."

तीन शेळ्या झाल्या. चौथी मोरी. चित्र लागलं, आणि हृदयाच्या बाहेरच्या कडेला मला एक काळी पट्टी दिसली. जाड, स्पष्ट. माणसाच्या इकोत अशी पट्टी दिसली की तिचा अर्थ बहुधा एकच असतो.

"पाणी आहे," मी म्हणालो. "हृदयाभोवती पाणी झालंय."

पुण्यात पंधरा वर्षांत मी हे कधी केलं नव्हतं. पेशंट कितीही विनवू दे, तंत्रज्ञानं तोंड उघडायचं नाही. सांगायचं ते डॉक्टर सांगतील. इथे मी बोललो, कारण माझ्यासमोर शेळी होती. शेळीच्या डोळ्यांवर हात ठेवून बसलेली बाई त्या क्षणी माझ्या हिशेबातच नव्हती.

गयाबाईनं हात काढला. "पाणी म्हंजी?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. मग ती शांतपणे म्हणाली, "मावशी, अजून नक्की नाही. आम्ही पुन्हा बघू."

"पर ह्यांनी तर सांगितलं." ती माझ्याकडे वळली. "भाऊ, पाणी झालं की काय होतं?"

मी गप्प राहायला हवं होतं. मी म्हणालो, "वाढलं तर हृदयावर दाब येतो."

"मरंल?"

मी प्रोब पुसायला लागलो. तिनं मोरीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि तिला खुंट्याला बांधायला घेऊन गेली. आम्ही निघताना तिनं नेहमीसारखं दारापर्यंत येऊन "या पुन्हा" म्हटलं, पण आमच्याकडे पाहिलं नाही.

एक दिवस आणि सहा शेळ्या

जीपमध्ये सुनंदानं मोरीची मापं पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाली, "दादा, पाणी असेल तर शेळी दमते, चारा टाकते, गळ्याखाली सूज येते. मोरीला यातलं काही आहे का?"

"सुरुवात असेल."

"असेल. किंवा तुला शेळीचं हृदय माहीत नसेल. मलाही नाही. म्हणून तर आपण आलोय."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वस्तीवर सहा शेळ्या पाहिल्या. पहिल्या दोन बारीक, हाडं दिसणाऱ्या. त्यांची चित्रं स्वच्छ. तिसरी गुटगुटीत होती, आणि तिच्या हृदयाबाहेर तीच काळी पट्टी. माझे हात थांबले. चौथी बारीक, पट्टी नाही. पाचवी जाड, पट्टी. सहावी जाड, पट्टी. गावातल्या सगळ्या धष्टपुष्ट शेळ्यांच्या हृदयाभोवती एकदम पाणी कसं होईल?

आता मी पट्टीकडे तंत्रज्ञासारखं पाहू लागलो, जे मोरीच्या वेळी करायला हवं होतं. पाणी असतं तर हृदय आवळताना आणि पसरताना पट्टीची जाडी बदलली असती. ही बदलत नव्हती. ती हृदयाला चिकटून त्याच्याबरोबर हलत होती. काळी होती, पण पाण्यासारखी कोरी काळी नव्हती. आत बारीक करडे ठिपके होते.

"ही काय असेल?" सुनंदानं विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. हे वाक्य आदल्या दिवशी म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

हनीफभाईंचं दुकान

सुनंदाला सुचलं ते मला कधी सुचलं नसतं. पाचव्या दिवशी सकाळी ती मला भोकरदनमधल्या मटणाच्या एका दुकानात घेऊन गेली. हनीफभाई तिशीपासून हेच काम करत होते आणि आता साठीला आले होते. आम्ही शेळीचं काळीज बघायचंय असं म्हटल्यावर त्यांनी कलेजी पुढे केली.

"हे नाही, हृदय," सुनंदा म्हणाली.

"मंग दिल म्हणा ना. काळीज म्हणता अन् दिल मागता." त्यांनी आतून एक हृदय आणून स्वच्छ पाटावर ठेवलं. वरच्या अर्ध्या भागावर पांढऱ्या चरबीचा जाड थर होता.

"हे असं सगळ्यांना असतं?" मी विचारलं.

"बारीक जनावराला न्हाई. खाऊनपिऊन असलेल्या बकरीला बराबर असतं. मेंढीची चरबी पाठीवर, शेपटीवर. बकरी चरबी आत ठेवते. गुर्द्यावर ठेवते, दिलावर ठेवते. वरून हात लावला तर बिलकुल कळत न्हाई." त्यांनी बोटानं थर दाबून दाखवला. "ही चरबी हाय म्हंजी जनावर चांगलं."

मी त्या पाटाकडे बघत उभा राहिलो. ज्याला मी रोग म्हटलं होतं ती गयाबाईच्या चांगल्या सांभाळाची खूण होती.

सुनंदा आभार मानत होती तेव्हा हनीफभाई बाहेरच्या गर्दीकडे हात करून म्हणाले, "आज बाजार हाय, जल्दी निघा, नाहीतर जीप अडकंल."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाजाराचा दिवस, आणि गयाबाईला अजून वाटत होतं मोरी मरणार.

बाजार

वाडीला तेव्हा फोन नव्हता. जीपनं पोचलो तर अंगणात तीन शेळ्या होत्या. गयाबाईची जाऊ शेण भरत होती.

"मोरीला घेऊन बाजारला गेली ना. दिस उगायच्या आधी. पायवाटेनं गेली." ती थांबली. "दोन रोज झाले, धड जेवली न्हाई. म्हणे, माझ्या डोळ्यासमोर तडफडून मेलेली बघाय जमणार न्हाई."

परतीचा अर्धा तास मी काय विचार करत होतो ते सांगत नाही. मोरीच्या पोटात पिल्लं होती. दहा वाजून गेले होते आणि शेळ्यांचा बाजार सकाळीच उरकतो.

बाजारात जीप शिरेना. आम्ही उतरून धावलो. मिरच्यांची पोती, भांडी, दोरखंड, मग जनावरं. विकलेल्या शेळ्या टेंपोत चढत होत्या. मी प्रत्येक टेंपोत डोकावून बघत होतो. सगळ्याच काळ्या, आणि मला एकही ओळखू येत नव्हती. पुण्याच्या माणसाला पडद्यावरचं हृदय ओळखता येतं, शेळी नाही.

सुनंदानंच तिला पाहिलं. बाजाराच्या टोकाला एका कडुलिंबाखाली गयाबाई बसली होती आणि शेजारी मोरी उभी राहून तिच्या पदराचं टोक चघळत होती.

मला आधी दम खावा लागला. "मावशी, विकली नाही?"

"कोण घेतंय," ती म्हणाली. "सकाळपासून सात-आठ गिऱ्हाईक आले. बघतात, हात लावतात, खूश होतात. मंग मी सांगते, हिच्या काळजाला पाणी झालंय म्हणून. की जातात उठून."

"तुम्ही प्रत्येकाला सांगितलंत?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "मंग? न सांगता कशी देऊ? घेणारा बी घरी न्हेऊन बांधणारच की. त्याच्या बी घरी बाया-लेकरं असतील, जीव लावतील."

मग मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "मावशी, पाणी नाही. माझी चूक झाली. तिच्या हृदयावर चरबी आहे, तुम्ही चांगलं खाऊ घातलंत म्हणून. ती धडधाकट आहे."

गयाबाईनं आधी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदानं मान हलवली.

"मशीन चुकली?"

"मशीन नाही चुकलं. मी चुकलो."

"अजून एकदा दाखवा," ती म्हणाली. "मला दाखवा. मागल्या वेळी मी तिचे डोळे झाकून बसल्ते, मला काय दिसलं न्हाई."

जीपवाल्यानं लाकडी खोकं उचलून आणलं. लिंबाच्या सावलीत यंत्र सुरू झालं, तशी माणसं जमली. या वेळी मोरीचे डोळे सुनंदानं झाकले. मी प्रोब लावला आणि पडदा गयाबाईकडे वळवला. कप्पा कुठला, झडप कुठली, ती पट्टी कुठली, एकेक सांगत गेलो, जितकं मला माहीत होतं तितकंच. पट्टी हृदयाबरोबरच हलते, तिची जाडी बदलत नाही, हेही दाखवलं. मग प्रोब थोडा सरकवला.

"हे उघडझाप करून राह्यलं ते?"

"ते हृदय. बघा किती जोरात आवळतंय."

तिनं पडद्याजवळ तोंड नेलं. "थांबतच न्हाई," ती हळूच म्हणाली.

जमलेल्यांतला एक व्यापारी पुढे झाला. त्यानं सकाळी मोरीला पाहिलं होतं. मला विचारलं, "म्हंजी चांगली हाय?" मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चांगली आहे. परवा मी चुकीचं सांगितलं होतं." पुण्यात असं चारचौघांत म्हणायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. आली असती तर म्हणालो असतो का, हे मला माहीत नाही.

गर्दी पांगली. गयाबाईनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडली. सकाळपासून तिनं ती उघडलीच नव्हती. तिघांत वाटली, वर मिरचीचा ठेचा. तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिघांनाही ते तिखटाचंच आहे असं मानणं सोयीचं होतं.

"मावशी, राग आला असेल माझा," मी म्हणालो.

"आला ना. लई आल्ता." तिनं तुकडा मोडला. "पर तुम्ही धावत सांगाया आलात. चुकीचं बोलून निघून जाणारे मी बगितलेत."

जेवण झाल्यावर ती उठली, लुगडं झटकलं आणि मोरीचा दोर माझ्या हातात दिला. "धरा जरा हिला. आलेच हाय तर मीठ न् गूळ घेऊन येते. ताई, तुम्ही चला माझ्यासंगं."

दोघी गर्दीत दिसेनाशा झाल्या. मी लिंबाखाली एकटा, हातात दोर. मोरीनं माझ्या शर्टाची बाही हुंगली आणि चघळायला सुरुवात केली. मी खोक्यावर बसलो आणि गयाबाईनं केलं होतं तसा एक तळवा तिच्या गळ्याखाली ठेवला. यंत्र बंद होतं. तरी ठोके हाताला लागत होते.

तो सकाळचा व्यापारी परत आला. मोरीभोवती एक चक्कर मारली, पाठ चाचपली, पोटाखाली हात घातला, गाभण आहे याची खात्री केली.

"काय मालक," तो मला म्हणाला, "विकायची का?"

"न्हाई," मी म्हणालो.